कागदाला हात नसतात

अमेरिकेच्या एका जुन्या कायद्यातील व्याख्या साहित्याच्या अभ्यासकाने एकदा तरी वाचावी अशी आहे. १९३४ मध्ये संमत झालेल्या ‘नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट’ या कायद्याच्या दृष्टीने साधे पिस्तूल हे ‘अग्निशस्त्र’ नव्हे. शिकारीची नेहमीच्या लांबीची रायफल हीदेखील नव्हे. मात्र बंदुकीच्या तोंडावर बसवायची आणि आवाज कमी करणारी धातूची पोकळ नळी, म्हणजे सायलेन्सर, हे ‘अग्निशस्त्र’ आहे. जिच्यातून गोळी सुटते ती वस्तू शस्त्र नाही आणि जिच्यातून स्वतंत्रपणे काहीच सुटू शकत नाही ती वस्तू शस्त्र आहे. शब्द आणि अर्थ यांच्या नात्याविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो. पण शब्दाचा अर्थ चुकला तर दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो असे शब्दार्थाचे उदाहरण आपल्या टिपणांत सहसा नसते.

या व्याख्येच्या छायेत अमेरिकेत गेल्या काही दशकांत एक वेगळाच लेखनप्रकार रुजला. सायलेन्सरसारख्या नियंत्रित वस्तूंची मालकी स्वतःच्या नावावर न ठेवता ती एका विश्वस्तव्यवस्थेच्या, म्हणजे ट्रस्टच्या, नावावर ठेवायची आणि त्यासाठी एक विश्वस्तलेख तयार करायचा. बोलीत त्याला ‘गन ट्रस्ट’ म्हणतात. वरवर पाहता हा वकिलांचा आणि बंदूकशौकिनांचा विषय आहे. परंतु त्याच्या तळाशी असलेला प्रश्न आमच्या मते आपल्याही अभ्यासाचा आहे. कायद्याला ‘व्यक्ती’ म्हणजे कोण अभिप्रेत असते? आणि कागदावर निर्माण केलेली व्यक्ती हाडामांसाच्या माणसाची जबाबदारी स्वतःवर घेऊ शकते काय? या प्रश्नाचा इतिहास बंदुकीपेक्षा बराच जुना आहे. म्हणून सुरुवात अमेरिकेपासून न करता मध्ययुगीन इंग्लंडपासून करणे आम्हांला इष्ट वाटते.

१२२४ मध्ये इंग्लंडात आलेल्या फ्रान्सिस्कन भिक्षूंपुढे एक अडचण होती. त्यांचे व्रत संपूर्ण अपरिग्रहाचे. स्वतःच्या मालकीचे काही असता कामा नये, पण राहायला छप्पर तर हवे. यावर निघालेला मार्ग असा की, जागेची मालकी नगरातील लोकांकडे राहावी आणि त्यांनी ती भिक्षूंच्या ‘उपयोगासाठी’ धारण करावी. मालक एक, उपभोग घेणारा दुसरा. या व्यवस्थेला इंग्रजी कायद्यात ‘यूज’ असे नाव मिळाले. हा शब्द ‘वापर’ या अर्थाच्या लॅटिन ‘यूसुस’वरून आलेला दिसतो, प्रत्यक्षात तो ‘ओपुस’वरून, म्हणजे ‘अमक्याच्या कार्यासाठी’ या अर्थाच्या शब्दावरून आला, हे कायद्याचे इतिहासकार फ्रेडरिक मेटलंड यांनी दाखवून दिले. ट्रस्ट ही कल्पना इंग्रजांची कायद्याच्या क्षेत्रातील सर्वांत मोठी निर्मिती होय, असे मानणारे मेटलंडच.

भिक्षूंची सोय पुढे जमीनदारांच्या कामी आली. सरंजामी व्यवस्थेत जमीनधारक मरण पावला की त्याच्या वरच्या स्वामीचे हक्क जागे होत. वारसाला जमीन घेताना रक्कम भरावी लागे; वारस अज्ञान असेल तर जमिनीचे उत्पन्न आणि मुलाचे पालकत्व स्वामीकडे जाई. शिवाय जमीन मृत्युपत्राने देता येत नसे. यावर उपाय म्हणून जमीन चारपाच विश्वासू मित्रांच्या नावावर करून द्यायची, अट एवढीच की उपभोग आपल्याला आणि आपल्यानंतर आपण सांगू त्याला मिळावा. मित्रांपैकी एखादा गेला तर दुसरा नेमावा. अशा रीतीने कागदावरचा मालक कधी मरतच नसे. आणि मालक मरत नाही म्हटल्यावर स्वामीचे हक्क उद्भवण्याचा प्रश्नच नव्हता.

यात सर्वांत जास्त नुकसान होते ते सर्वांत वरच्या स्वामीचे, म्हणजे राजाचे. आठव्या हेन्रीने १५३६ मध्ये ‘स्टॅट्यूट ऑफ यूजेस’ हा कायदा करून घेतला. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: ज्याच्या उपयोगासाठी जमीन धारण केली आहे, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक समजावा. मधल्या मित्रांचा पडदा राजाने एका वाक्याने बाजूला सारला. त्याच वर्षी उत्तर इंग्लंडात जे मोठे बंड झाले, त्यातील गाऱ्हाण्यांमध्ये धर्माच्या प्रश्नांबरोबर या कायद्याचाही समावेश होता. चारच वर्षांनी, १५४० मध्ये, मृत्युपत्राने जमीन देण्याची मुभा कायद्याने द्यावी लागली. यूजही संपूर्ण संपला नाही. वकिलांच्या आणि चान्सरी न्यायालयाच्या हातून तो पुढे ‘ट्रस्ट’ या नावाने पुन्हा उभा राहिला. इंग्रजी राज्याबरोबर तो आपल्याकडे आला आणि १८८२ च्या भारतीय विश्वस्तव्यवस्था कायद्यात त्याला संहितेचे रूप मिळाले. आपण ज्या संस्थांत शिकवतो त्यांतील अनेक संस्था चालतात त्या याच कल्पनेच्या सार्वजनिक शाखेवर. त्यामुळे ‘विश्वस्त’ हा शब्द आपल्याला परका नाही. या शब्दाला संस्कृतात विश्वास ठेवणारा आणि ज्याच्यावर विश्वास ठेवला जातो तो, असे दोन्ही अर्थ आहेत, हे येथे नोंदवून ठेवावेसे वाटते.

आता सायलेन्सरकडे वळू. त्याचा जनक हायरम पर्सी मॅक्सिम. १८८४ च्या सुमारास लंडनमध्ये स्वयंचलित मशीनगन तयार करणारे हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे त्याचे वडील. आयुष्यभर आपल्या तोफाबंदुकांच्या सान्निध्यात राहून वडिलांची श्रवणशक्ती उत्तरायुष्यात जवळजवळ गेली होती. मुलाने १९०९ मध्ये बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले. याच पर्सी मॅक्सिमने १९१४ मध्ये हौशी रेडिओ चालकांची अमेरिकेतील मोठी संघटना स्थापन केली आणि १९३६ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, त्याचे वडिलांविषयीचे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. विक्षिप्त वडिलांचे ते खेळकर चित्र पुढे चित्रपटाचाही विषय झाले. सायलेन्सर त्या काळी थोड्याशा डॉलरांना टपालानेही मागवता येई. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यापाशीही तो होता. मोटारीच्या धुराड्याला आवाज कमी करणारे साधन असते, त्याच कल्पनेचे हे बंदुकीवरील रूप. चित्रपटात दाखवतात तसा आवाज त्याने नाहीसा होत नाही. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा हवेतील कडाका तर तसाच राहतो. कानाला इजा होईल इतका मोठा आवाज काहीसा सुसह्य होतो, एवढेच.

मग तो १९३४ च्या कायद्यात कसा आला? दारूबंदीच्या काळात टोळ्यांची युद्धे वाढली होती. १९२९ मध्ये शिकागोत व्हॅलेंटाइन दिनी झालेल्या हत्याकांडाने देश हादरला. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे ॲटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी आणलेल्या मूळ मसुद्यात पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरही होती. विरोधानंतर ती वगळली गेली. मशीनगन, ठरावीक मापापेक्षा आखूड नळीच्या रायफली व शॉटगन आणि सायलेन्सर मात्र राहिले. सायलेन्सरविषयी सुनावणीत फारशी चर्चाही झाली नाही. यामुळे लेखाच्या आरंभी सांगितलेली विचित्र व्याख्या तयार झाली: मुख्य वस्तू बाहेर पडली आणि तिचे उपांग आत राहिले.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. हा कायदा बंदीचा नव्हता, कराचा होता. बंदी घालण्याचा अधिकार केंद्राला आहे की नाही याची खुद्द कर्त्यांनाच शंका होती. कर बसवण्याचा अधिकार मात्र निर्विवाद होता. म्हणून दर हस्तांतरणावर दोनशे डॉलर कर आणि त्या कराच्या निमित्ताने नोंदणी. टॉमी गन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मशीनगनची किंमतच साधारण दोनशे डॉलर होती, आणि सायलेन्सरच्या किमतीच्या तर हा कर कितीतरी पट होता. महसूल मिळावा हा हेतू नव्हताच; कोणी विकत घेऊ नये हा हेतू होता. १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालील करआकारणी वैध ठरवली. कराच्या मागे काय हेतू होता हे शोधत बसण्याचे काम न्यायालयाचे नाही, अशी भूमिका घेतली. म्हणजे या कथेतील पहिला मुखवटा नागरिकाने नव्हे, राज्यसंस्थेने घातला. गन ट्रस्टवर टीका करताना हे विसरणे आम्हांला न्याय्य वाटत नाही.

दोनशे डॉलरांचा आकडा पुढे नव्वद वर्षे बदलला नाही. चलनफुगवट्याने त्याची धार आपोआप बोथट होत गेली. १९३४ चे दोनशे डॉलर म्हणजे आजचे चार हजारांहून अधिक. १९८६ मध्ये नागरिकांसाठी नव्या मशीनगनची नोंदणी बंद झाली. सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुका मात्र कर भरून मिळण्याजोग्या राहिल्या. पण त्या व्यक्तीच्या नावावर घ्यायच्या तर छायाचित्र, बोटांचे ठसे आणि स्थानिक पोलीसप्रमुखाची किंवा शेरीफची सही लागे. ही सही खरी अडचण ठरली. अधिकाऱ्याने ती द्यायलाच हवी असे बंधन नव्हते. काही जण सरसकट नकार देत. कारण सांगण्याचीही गरज नसे. कायदा ज्या गोष्टीला परवानगी देतो ती गोष्ट एका माणसाच्या मर्जीवर अडून राहू लागली.

येथे जुना ‘यूज’ नव्या रूपात उपयोगी पडला. करविषयक संहितेत ‘व्यक्ती’ या शब्दाच्या व्याख्येत माणसाबरोबर कंपनी, भागीदारी आणि ट्रस्ट यांचाही उल्लेख आहे. ट्रस्टला चेहरा नसतो, म्हणून छायाचित्र नाही. बोटे नसतात, म्हणून ठसे नाहीत. शेरीफची सहीही नाही. ट्रस्ट स्थापन करणाऱ्याने स्वतःलाच विश्वस्त नेमायचे, सोबत पत्नी, भाऊ किंवा मित्र यांना सहविश्वस्त करायचे, मुलांना लाभार्थी म्हणून लिहायचे आणि ट्रस्टच्या नावाने अर्ज करायचा. अशा संस्थांच्या नावाने येणारे अर्ज संबंधित केंद्रीय खात्याच्या, म्हणजे एटीएफच्या, आकडेवारीनुसार २००० मध्ये सुमारे ८४० होते. २००९ मध्ये १२,६०० आणि २०१२ मध्ये ४०,७०० झाले.

ही सगळी पळवाटच होती असे म्हणणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. कल्पना करा की सायलेन्सर पतीच्या एकट्याच्या नावावर नोंदलेला आहे. तो घरच्या तिजोरीत आहे आणि तिजोरीचा क्रमांक पत्नीला ठाऊक आहे. पती परगावी असताना त्या वस्तूवर ताबा कोणाचा? कायद्याच्या कठोर वाचनानुसार तो पत्नीचा ठरू शकतो, आणि नोंदणी तिच्या नावावर नसल्यामुळे तिने काहीही न करता ती गुन्हेगार ठरू शकते. पती निवर्तल्यावर तर घरात कोणाला माहितीच नसते की अडगळीतल्या त्या नळीला एक स्वतंत्र नोंदणीपत्र आहे. चांगल्या वकिलाने लिहिलेला विश्वस्तलेख याच भीतीला उत्तर देतो. आपल्यानंतर विश्वस्त कोण, त्याने वस्तू कोणाच्या हाती देऊ नये, लाभार्थी सज्ञान नसेल तर किती काळ थांबावे, जेथे ती निषिद्ध आहे अशा राज्यात ती का नेऊ नये, हे सारे त्यात क्रमाने सांगितलेले असते. बंदुकीविषयी अनभिज्ञ असलेल्या वारसाला उद्देशून गेलेल्या माणसाने दिलेल्या त्या सूचना असतात. अशा दस्तांची भाषा रुक्ष असते. तरी आपल्या पश्चात आपल्या माणसांना त्रास होऊ नये ही तिची प्रेरणा ओळखायला फार सूक्ष्म वाचनाची गरज पडत नाही.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी. संगणकावरील ठरावीक नमुन्यात नावे भरून केलेले कित्येक दस्त कायदेशीरदृष्ट्या लंगडे असत. ट्रस्टच अवैध ठरला तर त्याच्या नावावरील वस्तूचे काय, हा प्रश्न टांगता राही. शिवाय ज्याला शस्त्र बाळगायला कायद्याने मनाई आहे असा माणूस सहविश्वस्तांच्या यादीत शिरला, तर अर्जाच्या टप्प्यावर त्याची तपासणी होतच नसे. विशेष म्हणजे यावर बोट ठेवले ते प्रथम बंदूकविरोधकांनी नव्हे. २००९ च्या डिसेंबरात या व्यवसायातील व्यापारी आणि संग्राहक यांच्याच एका संघटनेने खात्याकडे अर्ज करून विश्वस्तांची तपासणी व्हावी आणि त्याबरोबर पोलीसप्रमुखाच्या सहीची अट जावी, अशी मागणी केली. आपल्या पडद्याचा गैरवापर होईल ही जाणीव पडदा वापरणाऱ्यांच्या जवळच्या माणसांनाच आधी झाली होती.

२०१६ या वर्षी हे सारे धागे एकत्र आले. टेक्सास आणि पेनसिल्वेनिया येथील दोन विश्वस्तांनी २०१४ मध्ये आपापल्या ट्रस्टच्या नावे मशीनगन तयार करण्याचे अर्ज केले होते. खात्याने नजरचुकीने मंजुरी दिली आणि लगोलग ती मागे घेतली. त्यावर त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. १९८६ ची मनाई ज्या कायद्यात आहे, त्यातील ‘व्यक्ती’च्या व्याख्येत माणूस, कंपनी, संघ, भागीदारी इत्यादींची यादी आहे, त्या यादीत ‘ट्रस्ट’ हा शब्द नाही. मनाई व्यक्तीला आहे. ट्रस्ट ही या कायद्यापुरती व्यक्ती नाही. म्हणून ट्रस्टला मनाई नाही! एका कायद्यात ट्रस्ट ही व्यक्ती आहे म्हणून अर्ज करता येतो आणि दुसऱ्या कायद्यात ती व्यक्ती नाही म्हणून मनाई लागू होत नाही. न्यायशास्त्राच्या एखाद्या जुन्या वादसभेत शोभावा असा हा तर्क होता.

मे आणि जून २०१६ मध्ये दोन्ही अपील न्यायालयांनी तो फेटाळला. त्यांच्या निकालांचा आशय साधा आहे. ट्रस्ट स्वतः काही उचलत नाही, ठेवत नाही, बाळगत नाही. ट्रस्टच्या वतीने जो बाळगतो तो विश्वस्त, आणि विश्वस्त हा माणूस आहे. माणसाला जे करण्यास मनाई आहे ते त्याने विश्वस्त या नात्याने केले तरी ते त्यानेच केलेले असते. कागदाला हात नसतात, असे आम्ही आमच्या भाषेत म्हणू.

पुढच्याच महिन्यात, १३ जुलै २०१६ रोजी, खात्याची नवी नियमावली अमलात आली. ट्रस्टमधील प्रत्येक ‘जबाबदार व्यक्ती’ने आपले छायाचित्र आणि बोटांचे ठसे द्यावेत, पोलीसप्रमुखाची सही मात्र यापुढे नको, त्यांना केवळ कळवावे. हेन्रीने १५३६ मध्ये जे जमिनीबाबत केले, त्याच जातीचे काम ४८० वर्षांनंतर या नियमाने केले: पडद्यामागच्या माणसाला पुढे बोलावले. दोहोंत एक फरक आहे आणि तो आमच्या मते मोलाचा आहे. हेन्रीला महसूल हवा होता. त्याने यूजच्या आश्रयाला जाण्याची कारणे तशीच ठेवून यूज मोडला. म्हणून चार वर्षांत त्याला माघार घ्यावी लागली. २०१६ च्या नियमाने ट्रस्ट मोडला नाही. लोकांना ट्रस्टकडे ढकलणारी मर्जीची सही काढून टाकली आणि ट्रस्टचा जो प्रामाणिक उपयोग होता, कुटुंबाने मिळून ताबा ठेवण्याचा आणि वारशाचा, तो राहू दिला. म्हणूनच नियम बदलल्यावरही असे ट्रस्ट स्थापन होत राहिले.

या कथेला अलीकडे आणखी एक वळण मिळाले आहे. जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या मोठ्या अर्थविषयक कायद्याने सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुकांवरील दोनशे डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला. मशीनगनवरील कर मात्र राहिला. नोंदणी, ठसे आणि छायाचित्र यांची अट कायम आहे. परंतु १९३७ पासून ही नोंदणी उभी आहे ती करवसुलीच्या अधिकाराच्या आधारावर. करच उरला नाही तर त्याच्या निमित्ताने होणारी नोंदणी कोणत्या आधारावर टिकावी, हा प्रश्न २०२५ मध्येच न्यायालयात नेण्यात आला. नागरिकाचा मुखवटा २०१६ मध्ये उतरवला गेला. राज्यसंस्थेचा मुखवटा आता तिच्याच हातून सैल झाला आहे.

आम्ही बंदुकांचे समर्थक नाही, हे सांगायला हवे. शाळकरी मुले गोळीबारात मरतात त्या देशात सायलेन्सरची मालकी सुलभ व्हावी की अवघड, याविषयी आमचे मत अवघडच्या बाजूला झुकते. परंतु अवघड करायचे तर ते उघडपणे करावे, कारण देऊन करावे, आणि सर्वांना सारखे करावे. मनाईला कर म्हणायचे, परवानगीला कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडायचे आणि नागरिकाने मात्र सरळ वागावे अशी अपेक्षा धरायची, हे फार काळ चालत नाही. शासन विश्वास ठेवत नाही तेथे लोक ‘विश्वस्त’ शोधतात, आणि मग विश्वास ठेवणारा कोण व ज्याच्यावर ठेवायचा तो कोण, याचाच घोटाळा होतो.

आपल्या अभ्यासक्रमात कायद्याचे गद्य नसते. आज्ञापत्रे, बखरी, महजर आपण वाचतो, कारण ते जुने झाले आहेत. विश्वस्तलेख, मृत्युपत्र, शासकीय नियमावली यांचे गद्य मात्र आपण कोरडे म्हणून सोडून देतो. वास्तविक ‘व्यक्ती’ या एका शब्दाच्या यादीत ‘ट्रस्ट’ आहे की नाही यावर दोन न्यायालयांना निकाल लिहावे लागले. कोणत्या शब्दाआड कोणता माणूस उभा आहे हे ओळखण्याचे जे शिक्षण आपण कादंबरीच्या निमित्ताने देतो, त्याचा उपयोग या गद्यासाठीही व्हावा. पुढच्या सत्रात एखाद्या तासाला एक साधा विश्वस्तलेख वर्गात वाचून पाहावा, असे आम्ही ठरवले आहे.